जॉक, बर्नआउट आणि जीन्सचा घेर : डेट्रॉइटजवळच्या एका हायस्कूलचे प्रकरण

१९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या एका उपनगरात, एक संशोधिका मधल्या सुट्टीच्या वेळी हायस्कूलच्या इमारतीत हिंडत असे आणि कोणत्या जागी उभ्या असलेल्या मुलामुलींच्या जीन्सचा पायाशी किती घेर आहे याची नोंद करीत असे. घोट्याशी आवळलेल्या जीन्सपासून पूर्ण बेलबॉटमपर्यंत चढती प्रतवारी ठरवून केलेल्या या मोजणीतून असे दिसले की घेर शाळेत वाटेल तसा विखुरलेला नव्हता. विद्यार्थी उपक्रमांचा कारभार जेथून चालत असे त्या भागात पाय अरुंद होते, सिगारेट ओढण्याची मुभा असलेल्या अंगणात ते सर्वांत रुंद होते, आणि या दोन टोकांच्या मधल्या जागांमध्ये घेरही मधलाच होता. कोण कोठे उभे राहते हे ठाऊक असल्यास त्याच्या विजारीचा अंदाज बांधता येत होता आणि विजार पाहिल्यास त्याची उभे राहण्याची जागा सांगता येत होती.

ही संशोधिका म्हणजे पेनेलोपी एकर्ट. मानवशास्त्र आणि भाषाशास्त्र यांच्या सीमेवर काम करणाऱ्या एकर्ट त्या काळी मिशिगन विद्यापीठात होत्या आणि पुढे त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केले. शाळेचे खरे नाव त्यांनी उघड केले नाही. त्यांच्या लेखनात ती 'बेल्टन हाय' या टोपणनावाने येते. सुमारे २,००० विद्यार्थ्यांची ही शाळा जवळजवळ पूर्णपणे गोऱ्या वस्तीची होती, मात्र त्या वस्तीत कारखान्यातील साध्या मजुरापासून उच्च मध्यमवर्गीय व्यावसायिकापर्यंत सर्व थर होते. यांपैकी सुमारे ६०० विद्यार्थ्यांच्या एका तुकडीचा एकर्ट यांनी शाळेच्या अखेरच्या दोन वर्षांत पाठपुरावा केला. त्या वर्गात बसत नसत. मार्गिका, कॅफेटेरिया, अंगण, मैदान आणि शाळेबाहेरचे नाके ही त्यांची क्षेत्रकार्याची ठिकाणे होती. हे मला पद्धतीच्या दृष्टीने फार महत्त्वाचे वाटते, कारण वर्गात बसलेल्या पाहुण्याकडे मुले शिक्षकांच्या बाजूचा माणूस म्हणून पाहतात आणि मग ज्या गोष्टीसाठी आपण आलो तीच दिसेनाशी होते. या कामावरील त्यांचे पहिले पुस्तक १९८९ मध्ये आले आणि भाषेविषयीचे सविस्तर विवेचन २००० मध्ये.

ऐंशीच्या दशकातील किशोरवयीन शैलींकडे आज बहुधा एक गमतीदार पोशाखनाट्य म्हणून पाहिले जाते. त्या दशकातील हॉलीवूडने शाळेतील पाच-सहा ठरावीक नमुने जगभर पोचवले, आणि खेळाडू, हुशार, विक्षिप्त, गुंड अशी लेबले त्यांना कायमची चिकटली. बेल्टनचे प्रकरण या नमुन्यांच्या मागे काय होते ते दाखवते. माझ्या वाचनाप्रमाणे येथील कपडे, जागा, सिगारेट आणि स्वरोच्चार ही सगळी एकाच प्रश्नाची उत्तरे होती, आणि तो प्रश्न शाळेने विचारलेला होता : तू आपले आयुष्य या इमारतीत उभारणार की इमारतीबाहेर?

शहर आणि उपनगर

बेल्टन समजण्यासाठी आधी डेट्रॉइट समजले पाहिजे. १९५० मध्ये या शहराची लोकसंख्या सुमारे १८.५ लाख होती. १९८० च्या जनगणनेत ती १२ लाखांपर्यंत घसरली होती आणि उरलेल्या नागरिकांपैकी सुमारे ६३ टक्के कृष्णवर्णीय होते. गोऱ्या कुटुंबांचे उपनगरांकडे स्थलांतर १९५० च्या दशकातच सुरू झाले होते. १९६७ च्या जुलैमध्ये ४३ बळी घेणाऱ्या वांशिक दंगलीच्या उद्रेकानंतर त्याला वेग आला. शाळांच्या बाबतीत या फाळणीवर न्यायालयीन शिक्कामोर्तब झाले ते १९७४ मध्ये. डेट्रॉइटच्या शाळांतील वर्णविभाजन मोडण्यासाठी शहराबरोबर भोवतालच्या ५३ उपनगरी शाळा-जिल्ह्यांनाही एका योजनेत घ्यावे असा आदेश खालच्या न्यायालयाने दिला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो ५ विरुद्ध ४ अशा मतांनी रद्द केला. त्यानंतर शहराची हद्द हीच व्यवहारात वर्णाची हद्द राहिली. बेल्टनमध्ये जवळजवळ सगळी मुले गोरी होती, यामागे हा निर्णयही होता.

दुसरी गोष्ट मोटारीची. या प्रदेशात कामगार कुटुंबातील मुलाने शाळा संपवून कारखान्यात जावे, संघटनेच्या करारानुसार चांगला पगार घ्यावा आणि विशीतच स्वतःच्या पायावर उभे राहावे, हा दोन पिढ्या चालत आलेला रस्ता होता. एकर्ट यांचे काम सुरू झाले तेव्हा तो रस्ता खचत होता. क्रायस्लर कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली आणि तिला वाचवण्यासाठी अमेरिकी काँग्रेसने १९७९ च्या अखेरीस १.५ अब्ज डॉलरच्या कर्जहमीचा कायदा केला. १९८२ च्या शेवटी मिशिगनमधील बेरोजगारी १६ टक्क्यांच्या वर गेली होती. याच काळात बेल्टनच्या अंगणात काही मुले मोटार कारखान्यांची नावे असलेली किंवा डेट्रॉइटचे नाव मिरवणारी जॅकेट घालून उभी राहत असत. ज्या नोकरीची वर्दी ते आधीच अंगावर चढवत होते ती नोकरीच हातातून निसटत होती, ही या प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब आहे असे मला वाटते.

दोन नावे आणि मधली मुले

बेल्टनमधील मुलांच्या दोन ठळक गटांची नावे होती जॉक आणि बर्नआउट. मराठीत मुलांच्या टोळक्याला आपण कंपू म्हणतो. शिंद्यांच्या कवायती फौजेतील पलटणींच्या गटांनाही हाच शब्द होता, त्यामुळे त्यात शिस्त आणि एकजुटीचा वास आहे. जॉक आणि बर्नआउट हे या अर्थाने कंपू नव्हते. त्या दोन मोठ्या सामाजिक वर्गवाऱ्या होत्या आणि प्रत्येकीच्या पोटात मैत्रीचे अनेक छोटे कंपू होते.

जॉक हा मुळात खेळाडूसाठी वापरला जाणारा शब्द. बेल्टनमध्ये त्याचा अर्थ पसरला होता : विद्यार्थी परिषदेत निवडून येणारा, वार्षिकांकाचे काम करणारी, चीअरलीडर, नृत्यसमारंभाची सजावट पाहणारी, म्हणजे थोडक्यात शाळेच्या उपक्रमांभोवती आपले सगळे सामाजिक जीवन गुंफणारी मुले जॉक ठरत, ती प्रत्यक्षात खेळत असोत वा नसोत. बर्नआउट हा शब्द अमली पदार्थांनी डोके जळून गेलेला या अर्थाने आला, परंतु येथेही शब्दावर विसंबणे धोक्याचे आहे. सर्व बर्नआउट मुले गांजा ओढत नसत, आणि जॉक मुले त्यापासून अगदी दूर होती असेही नव्हते. फरक एवढाच की जॉकांचे मद्यपान शाळेच्या नजरेआड चाले आणि बर्नआउटांची सिगारेट शाळेच्या अंगणात उघडपणे पेटे. इतर शाळांत आणि इतर दशकांत हीच जोडी वेगवेगळ्या नावांनी वावरली आहे. एका बाजूस ग्रीझर, हूड किंवा फ्रीक, तर दुसऱ्या बाजूस सोश किंवा प्रेपी.

बहुसंख्य मुले या दोन्हींत बसत नव्हती. ती स्वतःला 'इन-बिटवीन', म्हणजे मधली, म्हणवत. या नावातच त्यांची अडचण दिसते, कारण त्यांना स्वतंत्र ओळख नव्हती. आपण कोणत्या टोकापासून किती अंतरावर आहोत हे सांगूनच त्यांना स्वतःचे वर्णन करावे लागे. अल्पसंख्य असलेल्या दोन गटांनी मोजपट्टीची दोन टोके धरून ठेवली होती आणि उरलेली शाळा त्या पट्टीवर आपापली खूण शोधत होती. जीन्सच्या मोजणीत मध्यम घेर मधल्या जागांत का सापडला याचे उत्तर येथे आहे.

कपडे, लॉकर, सिगारेट

जॉक मुलामुलींचे कपडे फिकट आणि प्रसन्न रंगांचे असत. मगरीचे चिन्ह असलेले टी-शर्ट, नामांकित डिझायनरांच्या सरळ पायांच्या जीन्स, बाजूंनी मागे उडवलेले पिसासारखे केस आणि मुलींच्या चेहऱ्यावर आहे की नाही असा वाटणारा मेकअप अशी ही शैली होती. याच सुमारास, १९८० मध्ये, कॅल्व्हिन क्लाइनच्या जीन्सच्या जाहिरातीत पंधरा वर्षांची अभिनेत्री ब्रुक शील्ड्स झळकली आणि बरीच टीका ओढवूनही त्या जीन्सचा खप वाढला. साध्या कामाची निळी विजार ही महाग आणि सतत बदलती वस्तू झाली होती. बदलत्या फॅशनबरोबर राहायचे तर दर मोसमाला नवी खरेदी करावी लागते, आणि ज्या घरात कारखान्यातून कमी केल्याची चिठ्ठी कधीही येऊ शकते त्या घरात हे सोपे नसते.

मात्र बर्नआउटांचे बेलबॉटम केवळ पैशाअभावी टिकले होते असे म्हणणे उथळ होईल. १९७० च्या दशकाच्या अखेरीस फॅशनच्या मुख्य प्रवाहातून बेलबॉटम बाहेर पडले. जॉकांनी ते तत्परतेने टाकले आणि बर्नआउटांनी ते ठेवले, म्हणजेच मागे राहण्यालाही अर्थ दिला. त्यांचा बाकीचा पोशाख पाहिला तर हे स्पष्ट होते. गडद रंग, रॉक संगीताच्या कार्यक्रमांचे टी-शर्ट, डेनिमची किंवा लष्करी जॅकेट, साखळीने पट्ट्याला अडकवलेले पाकीट, लांब सरळ केस, मुलींच्या डोळ्यांभोवती काजळाची गडद रेघ. या सामग्रीत गरिबीपेक्षा शहर अधिक आहे. शहरातील रस्त्यावर सावध, तयार आणि कोणावर विसंबून नसलेला माणूस जसा दिसेल तसा हा वेश होता.

जॅकेटचेच पाहा. बर्नआउट मुले शाळेत दिवसभर जॅकेट अंगावर ठेवत. जॉक ते लॉकरमध्ये ठेवून देत. वरकरणी ही क्षुल्लक सवय आहे. परंतु लॉकर म्हणजे शाळेने विद्यार्थ्याला दिलेले छोटेसे घर, आणि ज्याने आपला कोट तेथे टांगला त्याने दिवसभर येथे राहण्याचे मान्य केले. जॅकेट अंगावर असलेला कोणत्याही क्षणी दाराबाहेर पडू शकतो. कॅफेटेरियातील जेवणाबाबतही तेच. बर्नआउट ते टाळत, कारण जेवू घालणाऱ्याशी पालकाचे नाते जुळते आणि शाळेला ते नाते द्यायला ते तयार नव्हते.

त्या काळी अमेरिकेतील अनेक हायस्कूलांत विद्यार्थ्यांना धूम्रपानासाठी एखादी जागा अधिकृतपणे दिलेली असे; स्वच्छतागृहांतून निघणाऱ्या धुरापेक्षा प्रशासनाला ते बरे वाटे. बेल्टनमधील ते अंगण बर्नआउटांचे ठिकाण झाले. तेथे सिगारेट मागणे आणि देणे हा एक सतत चालणारा देवाणघेवाणीचा व्यवहार होता. आज ज्याच्याकडे पाकीट आहे त्याने द्यायची, उद्या दुसऱ्याने, आणि हिशेब कोणी ठेवायचा नाही. जॉक त्या अंगणात पाऊल टाकत नसत. अशा प्रकारे ज्या संस्थेविरुद्ध हा गट उभा होता त्याच संस्थेने त्याला एकत्र जमण्याची हक्काची जागा नेमून दिली होती. प्रशासनाला यातील विसंगती जाणवली असेल असे मला वाटत नाही.

शाळा हा विरोध कसा घडवते

येथपर्यंतचे वर्णन वाचून असे वाटू शकेल की श्रीमंत मुले जॉक झाली आणि गरीब मुले बर्नआउट. ढोबळ कल तसा होता, पण तो कलच होता. कामगार घरांतील जॉक आणि सुखवस्तू घरांतील बर्नआउट बेल्टनमध्ये बऱ्यापैकी होते. घर ही सुरुवातीची उतारपट्टी होती. गोळा कोणत्या बाजूला घरंगळेल हे पुढील प्रवासावर अवलंबून होते.

हा प्रवास हायस्कूलच्या आधी, ज्युनियर हायमध्ये सुरू होतो. वेगवेगळ्या प्राथमिक शाळांतील मुले तेथे प्रथमच एका मोठ्या इमारतीत येतात आणि शाळा त्यांच्यापुढे संघ, समित्या, निवडणुका अशी नवी शिडी ठेवते. पुढे बर्नआउट ठरलेल्या अनेकांना सुरुवातीला या उपक्रमांचे आकर्षण होते. परंतु त्यांची मैत्री गल्लीतील होती. तिच्यात मोठी भावंडे होती, त्यांचे मित्र होते, धाकटी मुले होती, आणि त्या मैत्रीचा पहिला नियम निष्ठा हा होता. शाळेची शिडी चढायची तर समवयस्कांशी स्पर्धा करावी लागे, शिक्षकांची मर्जी राखावी लागे, आणि दुपार-संध्याकाळ गल्लीपासून तोडून शाळेला द्यावी लागे. जॉक होऊ घातलेल्या मुलांना हे खटकत नव्हते, कारण त्यांचे मैत्रीचे जाळे वयाने एकसारखे होते आणि उपक्रमांबरोबर बदलतही असे. आज ज्याच्याबरोबर परिषदेत काम करायचे तो मित्र, उद्या दुसरा. बर्नआउटांना हा दगाबाजपणा वाटे, आणि संकट मित्रांपासून झाकून ठेवण्याची जॉकांची रीत त्यांना ढोंग वाटे. जॉकांच्या दृष्टीने बर्नआउट हे स्वतःचे आणि शाळेचे नुकसान करणारे, कशाचीच पर्वा नसलेले लोक होते.

एकर्ट यांच्या विश्लेषणाचा जो भाग मला सर्वांत कणखर वाटतो तो येथे आहे. अमेरिकन हायस्कूल ही केवळ शिकवण्याची जागा नाही. ती एक लहानशी कंपनी आहे, जिच्यात पदे आहेत, अंदाजपत्रके आहेत, प्रतिष्ठा आहे आणि वरिष्ठांशी जुळवून घेऊन वर जाण्याचा मार्ग आहे. जॉक या कंपनीत अठराव्या वर्षापर्यंत राहतात आणि त्या बदल्यात एक सौदा स्वीकारतात. प्रौढपणाचे स्वातंत्र्य लांबवायचे, बालपण वाढवून घ्यायचे आणि त्याची किंमत म्हणून संस्थेतील अधिकाराचा वाटा मिळवायचा. हा सौदा महाविद्यालयात आणि नंतरच्या कार्यालयीन नोकरीत जसाच्या तसा पुढे चालतो, म्हणून तो फायद्याचा ठरतो. बर्नआउटांच्या वाट्याला येणारे काम मात्र ओळखीपाळखीतून, शेजाऱ्याच्या गॅरेजमधून, भावाच्या कारखान्यातून मिळणारे होते. त्यांच्यासाठी परिषदेचे सदस्यत्व निरुपयोगी होते आणि वयाने मोठ्या मित्रांचे जाळे हीच खरी गुंतवणूक होती. म्हणजे व्यवहाराच्या हिशेबाने दोघेही शहाणे होते. शाळेने मात्र एकाच शहाणपणाला आपले मानले. जॉकांना तासाच्या वेळी मार्गिकांत फिरण्याची मोकळीक मिळे, शिक्षकांशी जवळीक असे, कार्यालयात शब्दाला वजन असे. व्यावसायिक अभ्यासक्रम घेणाऱ्या बर्नआउटांकडे लक्ष जाई ते शिस्तीच्या संदर्भात.

ब्रिटनमध्ये समाजशास्त्रज्ञ पॉल विलिस यांनी १९७० च्या दशकात एका औद्योगिक शहरातील शाळकरी पोरांचा अभ्यास करून, शाळेविरुद्धचे बंडच त्यांना कारखान्यात कसे पोचवते ते दाखवले होते. बेल्टन त्याच्या शेजारी ठेवल्यास एक भेद लक्षात येतो. विलिस यांच्या पोरांपुढे शाळेला मानणारी मुले पार्श्वभूमीला आहेत. एकर्ट यांनी दोन्ही बाजूंना सारख्याच बारकाईने पाहिले आणि जॉकांची शैलीही तितकीच घडवलेली, तितकीच राजकीय असल्याचे दाखवले. फिकट गुलाबी टी-शर्ट हीसुद्धा एक भूमिका होती, फक्त ती सत्तेच्या बाजूची असल्याने भूमिका म्हणून कोणाच्या डोळ्यात भरत नव्हती.

मुलींवरचा जास्तीचा भार

मुलग्यांना आपली ओळख कृतीतून सिद्ध करता येत असे. जॉक मुलगा सामन्यात गुण मिळवी. बर्नआउट मुलगा गाडी दुरुस्त करी, मारामारीत मागे हटत नसे. मुलींना अशी मोजता येणारी कमाई फारशी उपलब्ध नव्हती. मुलींच्या खेळांना शाळेत तेवढा मान नव्हता, आणि मुलीची प्रतिष्ठा तिचे दिसणे, वागणे, कोणाबरोबर असणे यांवरून ठरवली जाई. त्यामुळे आपण कोण आहोत हे मुलींना चिन्हांतून अधिक ठळकपणे सांगावे लागे. काजळाची रेघ, जीन्सचा घेर, केसांची ठेवण, सिगारेट धरण्याची पद्धत या सर्वांत जॉक मुली आणि बर्नआउट मुली यांतील अंतर दोन्हीकडच्या मुलग्यांमधील अंतरापेक्षा मोठे होते. जॉक मुलीने निष्कलंक दिसलेच पाहिजे आणि बर्नआउट मुलीने निडर. मुलगे या दोन्ही बाबतींत थोडी ढिलाई करू शकत होते.

स्वरांचा घेर

एकर्ट यांनी ध्वनिमुद्रित मुलाखतींतील उच्चारांचेही विश्लेषण केले, आणि हा पुरावा कपड्यांपेक्षा अधिक बोलका आहे, कारण कपडे आपण सकाळी निवडतो. स्वर कोणी आरशासमोर निवडत नाही. अमेरिकेच्या ग्रेट लेक्स परिसरातील शहरांमध्ये गोऱ्या लोकांच्या बोलीत स्वरांची एक साखळी त्या काळी सरकत होती. 'बॅग'मधला स्वर उंचावून 'बेअग'च्या जवळ जात होता आणि 'हॉट' हा शब्द 'हॅट'सारखा ऐकू येऊ लागला होता. गंमत अशी की या बदलाने 'जॉक' हे नावही 'जॅक'च्या दिशेने झुकत होते. हे बदल जुने होते आणि त्यांत सर्वसाधारणपणे मुली मुलग्यांच्या पुढे होत्या.

नव्या बदलांची कहाणी वेगळी होती. 'बट'मधला स्वर मागे सरकून 'बॉट'कडे जाणे, 'बेड'मधला स्वर मागे हटून 'बड'च्या जवळ येणे, किंवा 'फाइट'चा उच्चार 'फॉइट'च्या दिशेने होणे या बाबतींत बर्नआउट पुढे होते. हे उच्चार शहराच्या जवळ अधिक आढळत; एकर्ट यांनी भोवतालच्या इतर उपनगरी शाळांतही थोडे काम केले आणि शहराच्या जवळची शाळा या नव्या उच्चारांत पुढे असल्याचे पाहिले. बर्नआउट मुले शनिवार-रविवारी डेट्रॉइटच्या बाजूला जात, तेथील मुलांशी ओळखी ठेवत, आणि शहराचे स्वरही त्यांच्या जिभेवर आधी येत. अर्थात ज्या शहराकडे ती पाहत होती ते गोऱ्या कामगारांचे डेट्रॉइट होते. बहुसंख्य कृष्णवर्णीय डेट्रॉइटची बोली त्यांच्या उच्चारांत उतरली नव्हती. हद्द ओलांडणारी ही मुलेही एका मर्यादेपर्यंतच ओलांडत होती.

एकाच वाक्यात दोनदा नकार देण्याची रीत, जिला शाळेचे व्याकरण अशुद्ध ठरवते, तीही बर्नआउटांत ठळक होती आणि जॉक मुलींत सर्वांत कमी. नव्या स्वरांच्या बाबतीत सर्व शाळेत आघाडीवर होता तो बर्नआउट मुलींचाच एक छोटा कंपू, ज्याला इतर बर्नआउटही पराकोटीचा मानत. मुलींना चिन्हांचा भार अधिक वाहावा लागतो हे निरीक्षण येथे स्वरांच्या मोजणीतून पुन्हा समोर येते. शिवाय या आकड्यांचा मेळ आईवडिलांच्या वर्गापेक्षा मुलाने स्वतः निवडलेल्या गटाशी चांगला बसला. म्हणजे सोळा-सतरा वर्षांची मुले घरातून मिळालेली बोली केवळ पुढे चालवत नव्हती. आपण कोणत्या बाजूचे, या निर्णयानुसार ती तिला नवा आकार देत होती. समाजभाषाशास्त्रात वर्ग हा वडिलांच्या व्यवसायावरून ठरवण्याची जी सोयीची रीत होती तिला या निष्कर्षाने चांगलाच धक्का दिला.

मर्यादा, आणि आवळलेल्या जीन्सची दुसरी शाळा

बेल्टनवरून सर्व अमेरिकेबद्दल बोलता येणार नाही. ही गोऱ्या उपनगराची, मोटार उद्योगाच्या छायेतील शाळा होती. जेथे वर्ण हाच पहिला भेद आहे तेथे जॉक आणि बर्नआउट ही जोडी दुय्यम ठरेल. शिवाय मधल्या मुलांची बहुसंख्या असूनही सिद्धांत उभा राहिला तो दोन टोकांवर, आणि मधले जीवन हे केवळ दोन टोकांमधील अंतर नसून त्याचीही काही स्वतःची रचना असेल, ही शंका वाचताना माझ्या मनात राहते.

या प्रकरणाचा सर्वांत चांगला पडताळा एकर्ट यांच्याच दुसऱ्या, फार छोट्या निरीक्षणात सापडतो. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील हायस्कूलमध्ये त्यांनी दोन मुलींशी बोलताना त्यांच्या कपड्यांची चौकशी केली. या शाळेत ठळक भेद प्रेपी, म्हणजे नीटनेटक्या उच्चभ्रू वळणाची मुले, आणि न्यू वेव्ह, म्हणजे त्या नावाच्या रॉक संगीताभोवतीच्या शैलीची मुले, यांच्यात होता. न्यू वेव्ह मुले काळे कपडे घालत, केस उभे करत, डोळे गडद रंगवत, आणि त्यांच्या काळ्या जीन्स घोट्याशी आवळलेल्या असत. बेल्टनमध्ये अरुंद पाय हे शाळेच्या बाजूला असल्याचे लक्षण होते. पालो आल्टोत तेच शाळेच्या मुख्य प्रवाहापासून दूर असल्याचे लक्षण ठरले होते. कापड तेच, शिवण तीच, अर्थ उलटा. या दोन मुली प्रेपी गटातल्याच, पण आपण इतरांसारख्या साच्यातल्या नाही असे त्यांना वाटे. न्यू वेव्ह मुलांचा स्वतंत्र बाणा त्यांना हवा होता, मात्र त्यांचे सगळे रूप त्यांना भीतिदायक वाटे आणि डोळ्यांच्या रंगकामातून सूचित होणारा थिल्लरपणाही नको होता. म्हणून त्यांनी त्या शैलीतील एकच घटक वेगळा काढला. आपल्या नेहमीच्या निळ्या जीन्स त्यांनी घोट्याशी आवळून घेतल्या. काळ्या रंगापर्यंत त्या गेल्या नाहीत.